पाटीप्रमाणे

दुपार कलली तरी जिनिंगच्या फाटकाबाहेरची ट्रॅक्टरांची रांग हलली नव्हती. चुडाव्याहून कापूस घेऊन आलेले शेतकरी मुकादम आश्रुबाला शिव्या घालत होते आणि आश्रुबा त्याच शिव्या आत येऊन यंत्रांवरच्या बायांना ऐकवत होता.

मजुरीचा जुना करार दिवाळीला संपला होता. नवा करायला मालक विरूपाक्षशेठ तयार नव्हते. युनियनने संप केला नाही. केला असता तर शेठने बाहेरून माणसं आणली असती. बायांनी फक्त भिंतीवरची पाटी पाळायला घेतली: ‘यंत्र चालू असताना आत हात घालू नये. यंत्र बंद करून फिटरला बोलवावे.’

ओला कापूस रोलरमध्ये अडकला की चालत्या यंत्रात हात घालून तो ओढायचा, ही इथली रीत. डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम उरकायचं. आता कापूस अडकला की बाई बटण दाबायची आणि खाली बसायची. यंत्रं ओळीने दूरवर, फिटर मात्र एकटा.

शेठने आश्रुबाला बजावलं होतं, "सांजच्याला गाठींचा ट्रक भरला न्हाई, तर मुकादमी सोड अन् हमालांत जाऊन गाठी उचल."

हमालीनेच त्याची कंबर गेली होती. मुकादमी कशी मिळाली, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. रोलरने यंत्रावरच्या धम्मशीलाची दोन बोटं खाल्ली, तेव्हा ‘पाटी लावलेली होती, हिनंच वाचली नाही’ अशी साक्ष त्याने दिली होती. पाटी लागली होती ती अपघाताच्या दुसऱ्या दिवशी.

आणि आता धम्मशीलाचंच यंत्र थांबलं.

"ऊठ! तिकडं लोक माझ्या जिवावर उठलेत, अन् तू बसायलीस?"

"फिटर यायलाय, मुकादम. तवर काय नाचू?"

बाया खिदळल्या.

"लय शहाणी झालीस. ओढ ते बोळं. जरासं तर हाय."

"तवाबी जरासंच व्हतं." तिने तीन बोटांचा हात त्याच्या तोंडासमोर धरला.

"व्हय बाजूला!" आश्रुबाने तिला ढकललं आणि बटण दाबलं. रोलर घुमायला लागला. त्याने बाही वर सारली.

"घाला की," धम्मशीला म्हणाली. "भिऊ नका. पाटी व्हती, ह्यांनीच वाचली न्हाई, अशी साक्ष मी देते."

या वेळी कुणी हसलं नाही. आश्रुबाचा हात रोलरच्या वीतभर वर थांबला. त्याने मान वर केली. माडीवरच्या कचेरीच्या काचेआड शेठ उभे होते आणि हाताने खुणावत होते, घाल, घाल. अंगठ्या घातलेली पाचही बोटं काचेवर लखलखत होती.

आश्रुबाने हात मागे घेतला. बटण दाबलं. आणि साऱ्या जिनिंगला ऐकू जाईल असा ओरडला, "फिटर!"

काचेआडचे शेठ बाजूला झाले. दार धाडकन आपटल्याचं खालपर्यंत ऐकू आलं.

आश्रुबा बायांच्या ओळीत बसायला वाकला, तशी धम्मशीलाने मोकळ्या जागेवर आपली डब्याची पिशवी ठेवली.

"हितं न्हाई," ती म्हणाली. "हमाल तिकडं बसतात."