चिंचेनं घासलेलं नाणं

डबी उघडली आणि तातेराव गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. निवृत्त झाल्यावरही ते दर शनिवारी शहागडच्या शाळेत येऊन मुलांना जुनी नाणी ओळखायला शिकवायचे. मागच्या शनिवारी याच डबीत काळपट हिरवं नाणं होतं. वर्गातल्या आकांक्षाला गोदावरीच्या काठी सापडलेलं, रोमच्या बादशहाचं, काशाचं. आज डबीतलं नाणं नव्या पितळेसारखं लखलखत होतं.

सोमवारी पुरातत्त्वचे साहेब ते न्यायला येणार होते.

डबी ठेवायच्या कपाटाची किल्ली एकट्या पुंजाराम शिपायाकडं. माणूस वीस वर्षांच्या विश्वासाचा. पण जुन्या वस्तूंचा एक व्यापारी अंबडहून दोनदा येऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा पुंजारामनंच त्याला चहा पाजला होता. गुरुजींना तेवढं पुरलं.

"पुंजाराम, खरं नाणं कुठंय?" त्यांनी भर वर्गात विचारलं.

बारा पोरं वळून बघू लागली.

"डबीत हाय तेच, गुरुजी."

"मग असं चमकतंय कसं?"

पुंजाराम खाली बघत उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं, गुरुजींना वाटलं.

आकांक्षा रडवेली झाली, पण बोलायची राहिली नाही. "गुरुजी, तुम्हीच सांगता ना, आधी कड बघायची, मंग बोलायचं?"

गुरुजी वरमले. भिंग काढून त्यांनी नाणं खिडकीच्या उजेडात धरलं. नकली नाणं साच्यात ओतलेलं असलं, तर कडेला बारीक शिवण आणि अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं सापडतात. इथं शिवण नव्हती, भोकं नव्हती. मग आकांक्षाची वही मागवली. मागच्या शनिवारी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून मुलांनी ठसे घेतले होते. बादशहाच्या केसांत मोत्यांची पट्टी. मागे भाले धरलेले दोन शिपाई, मधलं निशाण किंचित कललेलं. डाव्या भाल्याच्या वर कड चिरलेली.

खूण खुणेला जुळली. नाणं तेच होतं.

"मग घासलं कुणी?"

"म्या," पुंजाराम म्हणाला. "रातभर चिंचेत भिजवलं, सकाळी राखेनं घासलं. दसऱ्याला घरचे देवाचे टाक घासतो तसंच. साहेब येऊन राह्यले, काळंकुट्ट नाणं त्यांच्या हातात द्यावं का?"

"अरे, ती काळी-हिरवी साय शेकडो वर्षांची होती. नाण्याला जपणारी. आता ती परत यायची नाही. आणि मघाशी बोलला का नाहीस?"

"तुम्ही इचारलं कुठं? खरं कुठंय, म्हणलात. म्हंजी मी चोर ठरूनच गेल्तो. त्या व्यापाऱ्याला दोन्ही टायमाला चहा पाजून वाटंला लावलं, ते तेवढं इचारलं न्हाई तुम्ही."

गुरुजींनी नाणं डबीत ठेवलं.

"लेकरांसमोर म्हणलात," पुंजाराम हळूच म्हणाला, "तर लेकरांसमोरच सांगा."

तातेराव गुरुजी खुर्चीवरून उठले. "मुलांनो, पुंजारामकाकांनी चोरी केलेली नाही. तपासायच्या आधी मी बोललो. चूक माझी आहे." त्यांनी पुंजारामला हात जोडले. "आणि नाणं घासलं गेलं, तेही साहेबांना मीच सांगेन. ते घासायचं नसतं, हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं."

"बराबर," पुंजाराम म्हणाला, आणि शाळा सुटायला पाव तास बाकी असताना घंटा द्यायला निघून गेला. गुरुजींनी घड्याळ बघितलं, पण त्याला अडवलं नाही.