किमान पात्रता

लेखी परीक्षेच्या यादीत नाव पहिलं आलंय, हे थोरलीला मामानं फोन करून सांगितलं आणि त्याच दमात म्हणाला, "पण तू या जागेला पात्र आहेस का, ते एकदा बघून घे बाई."

थोरली म्हणजे शिंप्याच्या तीन लेकींतली मोठी. तिनं दहावीनंतर स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका केली, मग पदवी, मग पाणीवाहिन्यांच्या विषयात पदव्युत्तर पदवी. चार वर्षं एका खासगी कंपनीत ती पाणीयोजनांचे आराखडे काढत होती. एक दिवस कंपनीनं ती शाखाच गुंडाळली. तेवढ्यात पाणीपुरवठा खात्याची कनिष्ठ अभियंत्याची जाहिरात निघाली आणि तिनं अर्ज ठोकून दिला.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'किमान पात्रता : स्थापत्य अभियांत्रिकीतील पदविका.' मामा स्वतः एका कचेरीतून बडा कारकून म्हणून निवृत्त झालेला, त्यामुळे कागदातल्या खाचाखोचा त्याला आधी दिसत. "पदविका म्हणजे पदविकाच," तो म्हणाला. "जास्त शिकलेल्यांना घेत नाहीत म्हणतात."

"किमान म्हणजे कमीत कमी ना? जास्त असेल तर काय बिघडलं?" आईनं विचारलं.

"अक्का, तू यात पडू नकोस."

थोरलीनं चौकशीच्या क्रमांकावर फोन लावला. पहिल्या माणसानं सांगितलं, चालतं. खात्री करावी म्हणून तिनं पुन्हा लावला, तर दुसऱ्यानं सांगितलं, चालत नाही. तिसऱ्यांदा लावायची तिची छाती झाली नाही.

कागदपत्रांची पडताळणी खात्याच्या सभागृहात होती. लांब टेबलामागे दोरीचा चष्मा लावलेला कारकून बसला होता. त्यानं तिची फाईल पुढून मागे चाळली, मग मागून पुढे.

"पदविका कुठाय?"

"झालीय माझी. पण अर्जात 'सर्वोच्च शैक्षणिक अर्हता' असा एकच रकाना होता. म्हणून पदव्युत्तर लिहिलं."

"ते जास्तीचं झालं. आम्हाला पदविका पाहिजे."

"अहो, पदविका केल्याशिवाय मी पुढे शिकले कशी असेन?"

"ते मला काय ठाऊक? पुष्कळ जण बारावीवरून थेट पदवीला जातात. त्यांच्याकडे पदविका नसते. तसे दोघं सकाळीच परत गेले." त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "चार वाजेपर्यंत आणून दाखवा. नाहीतर अपात्र."

गंमत अशी, की हाच कागद तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मोठ्या पदव्या चौकटीत बसवून भिंतीवर लावल्या होत्या. पदविका मात्र कुठे होती कुणास ठाऊक. रिक्षा करून ती घरी आली. कपाट उपसलं, ट्रंक उलटी केली. आई पलंगाखाली शिरली. शेवटी दुकानातून वडिलांनी हाक मारली. कॉलरचे, बाह्यांचे कागदी नमुने ते एका खिळ्याला टोचून ठेवत. त्या गठ्ठ्यात, एका सदऱ्याच्या पाठीच्या नमुन्यामागे, प्रमाणपत्र सापडलं. कागद जाड, म्हणून वर्षानुवर्षं ते खाली आधाराला राहिलेलं. त्यावर निळ्या खडूची रेघ होती आणि वरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक.

"कापलं नाही गं," वडील ओशाळून म्हणाले. "एवढं नशीब समज."

पावणेचारला ती धापा टाकत परत टेबलासमोर उभी राहिली. कारकुनानं कागद उजेडाकडे धरला. भोकातून त्याचा एक डोळा तिला दिसला.

"हे काय आहे?"

"खिळ्याचं आहे."

"हं." त्यानं शिक्का मारला. थोरलीचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच शेजारचा दुसरा कारकून वाकून म्हणाला, "पण साहेब, आता यांच्याकडे पदविकाही आहे आणि वरचंही आहे. मग यांना कशात धरायचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शेवटी तिची फाईल मुख्य अभियंता बाईंच्या खोलीत गेली, आणि फाईलीच्या मागोमाग तीही.

बाईंच्या टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, त्यांवर दाब म्हणून लोखंडी जोडनळ्यांचे तुकडे ठेवलेले. बाईंनी भोकावरून बोट फिरवलं.

"नियमात किमान लिहिलंय, कमाल लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा नियमाची अडचण नाही. अडचण माझी आहे. मागच्या भरतीत तुमच्यासारखे चार जण घेतले. वर्षभरात चौघंही वरच्या जागा मिळवून निघून गेले. मला पुन्हा रिकाम्या खुर्च्या. तुम्ही राहणार का?"

मामानं याचं उत्तर आदल्या दिवशी तिच्याकडून घोकवून घेतलं होतं. जनसेवा, निष्ठा असं बरंच होतं त्यात. तोंड उघडलं तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवेना. आणि खरं सांगायचं तर, आपण राहणार की जाणार, हे तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. मग घाबरून पुढे बोलत सुटली, "चार वर्षं मी पडद्यावर गावंच्या गावं पाण्यानं भरली, पण ओला झालेला एक खड्डासुद्धा पाहिला नाही. तो बघायचाय. त्यापुढचं... त्यापुढचं मला आत्ता खरंच सांगता येत नाही."

बाईंनी फाईलीत काहीतरी लिहिलं. उलटं वाचायचा तिनं प्रयत्न केला, पण अक्षर गिचमीड होतं.

"या तुम्ही."

'या' म्हणजे रुजू व्हायला या, की आता बाहेर जा? जिना उतरेपर्यंत तिला ठरवता येईना.

तीन आठवड्यांनी निवडयादी लागली. तिचं नाव पहिलं होतं आणि नावापुढे एक फुली होती. फुलीचा अर्थ यादीच्या खाली दिलेला असायला हवा होता, पण तिथं फक्त सही होती. मामा म्हणाला, फुली म्हणजे निवड राखून ठेवलेली. आई म्हणाली, पहिल्या आलेल्यांना देत असतील. पुढच्या सोमवारी नेमणुकीचं पत्र आलं, त्यात 'पात्रतेच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून' असं लिहिलेलं. तिनं कचेरीत फोन केला.

"म्हणजे मी पात्र आहे की नाही?"

"रुजू व्हा ना मॅडम," पलीकडून आवाज आला. "रुजू झालेल्या माणसाला सहसा कुणी विचारत नाही."

पहिल्याच दिवशी तिला एका जुन्या फिटरबरोबर पाठवलं. रस्त्याकडेच्या चौकोनी खड्ड्यात, गुडघाभर गाळात, मोठी झडप होती. फिटरनं लांब दांड्याची चावी तिच्या हातात दिली खरी, पण तो स्वतःच अवघडून उभा राहिला.

"लई शिकलायत म्हणे तुम्ही. मग इथं मी तुम्हाला सांगायचं, का तुम्ही मला?"

"तुम्हीच सांगा."

"बंद करा मग."

तिनं अंगाचा भार टाकून चावी उजवीकडे फिरवली. पायाखालच्या नळीतला घरघराट कमी व्हायच्या ऐवजी वाढला. फिटर हसायला लागला.

"ही उलटी आहे, मॅडम. जुन्या काळची. डावीकडे बंद होते. या पट्ट्यात अशा अकरा आहेत."

"नकाशात कुठे दाखवल्यात?"

"कशाला दाखवतील? मला माहीत आहेत की."

"आणि तुम्ही निवृत्त कधी होणार?"

फिटरचं हसू थांबलं. त्यानं डोकं खाजवलं. "येत्या वर्षात."

थोरलीनं चिखलाचे हात ओढणीला पुसले, पिशवीतला नकाशा काढून खड्ड्याच्या कडेवर पसरला आणि पेन्सिलीनं त्या झडपेभोवती एक गोल केला.

"चला," ती म्हणाली. "दुसरी कुठाय?"