तुमचं होऊ द्या सावकाश

बेरिल मॉल्टबीला राग यायचा नाही असं नाही, पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्या रागाचं आभारप्रदर्शन झालेलं असायचं. रोज सकाळी घरांच्या एजंटला फोन लावताना ती ठरवून बसे, की आज खडसावून विचारायचं. पलीकडून एजंटच्या कचेरीतल्या त्या पोरीचं, किर्स्टीचं, "हाय बेरिल!" आलं, म्हणजे आईच्या वयाच्या बाईला सरळ नावानं हाक आली, की हिचं सुरू, "सहजच केला गं फोन. तू कामात असशील. काही कळलं का, एवढंच विचारायचं होतं. घाई नाही हं काही."

घाई नाही कशी? बाईचा जीव टांगणीला लागला होता.

तिच्या नवऱ्याला, क्लिफर्डला, जानेवारीत अर्धांगाचा झटका आला. जन्मभर टपाल वाटत लाउथ गाव पायी पालथं घातलेला माणूस, आणि आता डावा पाय उचलायला दोन नर्सा लागत. राहतं घर चाळीतल्यासारखं अरुंद, जिना शिडीसारखा उभा, आणि न्हाणीघर वर. नशीब एवढंच, की झटक्याच्या आधीच, शरद ऋतूत, दोघांनी गावाच्या दुसऱ्या टोकाचा एक बसका बंगला पसंत करून ठेवला होता. जिना नाही, पायरी नाही. तो ताब्यात आला की क्लिफर्ड घरी. आणि एप्रिलमधल्या ईस्टरपर्यंत बंगला नाही आला, तर हॉस्पिटलला खाट मोकळी हवी होती. मग त्याची रवानगी समुद्रकाठच्या वृद्धाश्रमात.

"तात्पुरती हो," हॉस्पिटलची समाजसेविका म्हणाली होती.

शेजारचा आल्फही तात्पुरताच गेला होता. परत आला तो स्वतःच्या अंत्यविधीला.

आणि बंगला काही हलत नव्हता. आमच्याकडे घर घेणं म्हणजे एकट्यानं घेणं नसतंच, अख्खी साखळी असते. बेरिलचं घर घेणार होतं एक तरुण जोडपं, तान्ह्या पोरासकट सासूच्या माजघरात दाटीवाटीनं राहणारं. बेरिल घेणार मिस्टर सॉर्बींचा बंगला. सॉर्बी घेणार मेबलथॉर्पला समुद्राजवळ मिसेस वॉड नावाच्या बाईंचा फ्लॅट. आणि त्या बाई जाणार मुलाकडे. सगळ्यांनी एकाच दिवशी उठायचं आणि एकाच दिवशी बसायचं. एकानं पाय ओढला की बाकीचे सगळे खोळंबले. बरं, आपापसात बोलायची सोय नाही. म्हणजे कायद्यानं बंदी नाही, पण तसं कोणी करत नाही. आपण एजंटला सांगायचं, एजंटनं वकिलाला, त्या वकिलानं दुसऱ्या वकिलाला. घर ज्याचं घ्यायचं त्यालाच जाऊन "कधी निघताय?" विचारणं म्हणजे परक्या माणसाला पगार विचारण्यापैकी.

"साखळीत वरूनच काही हलत नाहीये, बेरिल," किर्स्टी म्हणायची. "मिस्टर सॉर्बींना जरा वेळ लागेल असं दिसतंय."

आणि तिथं बेरिलचं तोंड बंद व्हायचं. सॉर्बींची बायको आदल्या वर्षी गेली होती. शरद ऋतूत सौदा ठरला तेव्हा बेरिलनंच एजंटला बजावून सांगितलं होतं, की त्या बिचाऱ्यांना मुळीच घाई करू नका, त्यांचं होऊ द्या सावकाश. आता कुठल्या तोंडानं म्हणणार, की आता माझ्या नवऱ्याला झटका आलाय, तर तुमचं दुःख जरा लवकर आटपा?

संध्याकाळी ती हॉस्पिटलात जायची. क्लिफर्ड वाकड्या ओठानं हसून म्हणायचा, "मी मजेत आहे गं. काय कस्टर्ड देतात इथं! तू माझी काळजी नको करू." ते ऐकून तिला जरा बरं वाटायचं. निदान हा तरी सुखात आहे.

मार्चच्या अखेरीस समाजसेविकेचा फोन आला. आवाज लाडीगोडीचा. "मिसेस मॉल्टबी, चांगली बातमी! समुद्राकाठी एक जागा मिळालीय. ईस्टर झाला की लगेच हलवू त्यांना."

"आभारी आहे हं, फार मदत झाली," बेरिल म्हणाली. फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या किटलीला तिनं असा एक शब्द ऐकवला, जो क्लिफर्डनं ऐकला असता तर त्याला दुसरा झटका आला असता.

मग तिनं लिंबाचा केक भाजायला घेतला. आपण काय करतोय हे तिनं स्वतःलाही सांगितलं नाही. पडदे नव्या खिडक्यांना पुरतील का, ते बाहेरूनच बघून यायचं, बस्स. आणि कुणी भेटलंच, तर रिकाम्या हातानं कशाला?

बंगल्याच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा मिस्टर सॉर्बी बाहेरच उभे होते. उंच, वाकलेले, एका हातात कुंपण कापायची कात्री. पण कुंपण इतकं साफ कापलेलं होतं, की कापायला काही उरलंच नव्हतं. माणूस नुसता कात्री घेऊन उभा होता.

"मिसेस मॉल्टबी!" ते एकदम गडबडले. "म्हणजे... काय हवा आहे बघा ना आज."

"गारा पडतील म्हणतात," बेरिल म्हणाली. "मी सहजच. इथून जात होते."

तो रस्ता तिथंच संपतो. पुढं नुसतं शेत आहे. पण सॉर्बी सभ्य माणूस, ते म्हणाले, "हो का? वा वा." मग दोघं कुंपणाबद्दल बोलले. मग शेजारच्या मांजराबद्दल. मग पुन्हा हवेबद्दल.

"बरं, निघते मी. आणि हे बघा, आमच्यामुळे तुम्ही अजिबात घाई करू नका हं."

"छे छे! तुम्हीच सावकाश होऊ द्या. तुमच्या घरी आजारपण आहे, कळलं मला."

"नाही नाही, तुमचं आधी."

"असं कसं, तुमचं आधी."

ती वळलीसुद्धा. खरंच सांगतो, तशीच घरी गेली असती आणि नवऱ्याला समुद्रकाठी पोचवून आली असती. पण आकाशानं डाव साधला. टपाटप गारा सुरू झाल्या, आणि गारांमध्ये बाईमाणसाला फाटकाबाहेर उभं ठेवणं काही सॉर्बींना जमणारं नव्हतं.

"आत या ना. चहा घ्या," ते म्हणाले. आणि मग जरा ओशाळून, "जरा अडचण आहे, पण या."

अडचण? आत खोक्यांशिवाय होतं काय अडचण व्हायला? भिंतींवर तसबिरी उतरवल्याचे चौकोनी डाग. दिवाणखान्यात छतापर्यंत रचलेली खोकी, सगळी चिकटपट्टीनं बंद, सगळ्यांवर नीट नावं घातलेली. मध्ये बागेतली एक घडीची खुर्ची. कोपऱ्यात तंबूत झोपतात तसली कॅनव्हासची खाट, तिच्यावर एक घोंगडी. बेरिल खुर्चीत बसली. सॉर्बी चहा घेऊन आले. तिला कप दिला, आणि स्वतः पीठ मोजायच्या प्लास्टिकच्या मापातून चहा पिऊ लागले.

"कप एकच बाहेर ठेवलाय," ते म्हणाले. "सुरीही गेली खोक्यात." आणि तिनं आणलेला केक त्यांनी हातानं तोडला. ज्या माणसाच्या शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही, तो केक हातानं तोडत होता.

बेरिल बघत राहिली. "मिस्टर सॉर्बी, हे सगळं कधी बांधलंत तुम्ही?"

"नाताळानंतर लगेच. मला वाटलं, आता बोलावतील, मग बोलावतील. मग किर्स्टी म्हणाली, तुमचे यजमान आजारी आहेत, तुम्हाला आत्ता जमायचं नाही. मी म्हटलं, बिलकुल त्रास देऊ नका त्यांना. तुम्ही म्हणाल ती तारीख." त्यांनी मापातला चहा संपवला. "अजून सहा महिने लागले तरी थांबेन मी. मनाला लावून घेऊ नका."

"मला नकोत सहा महिने!"

आवाज इतका मोठा होता, की तो आपलाच आहे हे बेरिलला क्षणभर कळलं नाही. पण आता बांध फुटला होता. "मला सहा दिवससुद्धा नकोत! ईस्टर झाला की ते क्लिफर्डला उचलून वृद्धाश्रमात नेणार. तिथून कोणी परत येत नाही. मला हा बंगला आत्ता हवाय, मिस्टर सॉर्बी. तुम्ही दुःखात आहात म्हणून मी गप्प होते. रोज फोन करते त्या पोरीला आणि रोज म्हणते, घाई नाही. सगळी घाईच आहे!" आणि ती हुंदके देऊन रडायला लागली, हातात केकचा तुकडा तसाच.

सॉर्बी खोक्यावर मटकन बसले.

"मी दुःखात आहे ते इथं आहे म्हणून," ते म्हणाले. "प्रत्येक दारातून डोरीन येईल असं वाटतं. मला इथून पळून जायचंय हो, मिसेस मॉल्टबी. केव्हाचं. पण आजारी माणसाच्या बायकोला 'लवकर या' म्हणू कसं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग बेरिलनं कपाळावर हात मारला आणि रडता रडता ती हसायला लागली. सॉर्बीही हसले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"आता वर कोण?" डोळे पुसून बेरिल म्हणाली. "त्या मेबलथॉर्पच्या बाई. घोडं तिथं पेंड खातंय का?"

फ्लॅट बघायला गेले होते तेव्हा बाईंनी सॉर्बींना गुपचूप नंबर दिला होता. आजवर त्यांनी तो लावला नव्हता, कारण तसं करत नाहीत. आज लावला. मिसेस वॉडना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचं बोलणं अख्ख्या रिकाम्या घरात घुमलं.

"कोण? सॉर्बी? अहो, जिवंत आहात तर! कधी येताय?"

"मी... तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा. तुमची तयारी..."

"माझी तयारी? माझा पलंगसुद्धा विकून झाला! फेब्रुवारीपासून सोफ्यावर झोपतेय, पाठीचा पार खुळखुळा झालाय. मुलगा रोज विचारतो, आई, गाडी कधी आणू? मी म्हटलं, थांब रे, त्या बिचाऱ्याची बायको गेलीय, त्याला काय हाताला धरून बाहेर काढू?"

"म्हणजे तुम्हीसुद्धा..." बेरिल फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली.

"ही कोण?"

"मी तुमच्या खालची. म्हणजे यांचा बंगला मी घेतेय."

"अगं, मग घे की! कुणी धरलंय तुला?"

मग तारीख ठरवायची वेळ आली. सॉर्बींनी घसा खाकरला. "ईस्टरच्या आधीचा गुरुवार? अर्थात, तुम्हाला दोघींना अडचण नसेल तरच, नाहीतर आपण..."

"हे बघा," मिसेस वॉड कडाडल्या, "आता कुणी 'अडचण' किंवा 'सावकाश' म्हटलं ना, तर मी फ्लॅट दुसऱ्याला विकेन. गुरुवार म्हणजे गुरुवार!"

किर्स्टीला तिथूनच फोन केला. "पण बेरिल, तुम्ही डायरेक्ट बोललात? असं करत नाहीत हो!" ती बिचारी कळवळून म्हणाली. बेरिलचं घर घेणाऱ्या जोडप्याचं विचारलं, तर ते दोघं म्हणे सामानाच्या पिशव्यांवरच जेवत होते. त्यांनीही सांगून ठेवलं होतं, की मॉल्टबी आजींना घाई करू नका. बेरिल म्हणाली, "किर्स्टी, आजच्या आज वकिलांना कळव. मला घाई आहे." हे वाक्य उच्चारताना जीभ जरा अडखळली, पण उच्चारलं. वकिलांनीही मग दोन-चार दिवसांत सह्यांचं काम उरकलं. अडलेलं असं काहीच नव्हतं, कुणी तरी आधी म्हणायचं बाकी होतं.

फोन झाले त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यातून जाताना बेरिलला वाटलं, आपलं वजन निम्मं झालंय. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच. क्लिफर्ड खिडकीशी खुर्चीत बसला होता. समोरचं कस्टर्ड तसंच होतं, वर साय धरलेलं.

"गुरुवारी बंगला मिळतोय," ती म्हणाली. "तुझं घरी यायचं ठरलं. समुद्रावर नाही जायचं."

तिला वाटलं, तो म्हणेल, घाई कशाला केलीस. पण चांगल्या हातानं त्यानं तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं.

"आज नाही का नेता येणार?" तो म्हणाला.

"अरे, पण तू तर म्हणायचास, मजेत आहे..."

"एक दिवस मजेत नव्हतो. रात्री छताकडे बघत पडायचो. वाटायचं, आता इथंच संपणार आपण." शब्द त्याच्या तोंडातून वाकडे येत होते, पण तो थांबेना. "तुला आधीच इतकं करावं लागतंय. म्हणून नाही बोललो."

"गाढवा," बेरिल म्हणाली. "बावळटा. चाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला." आणि तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. दोघं रडली, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं सभ्यपणे तोंड भिंतीकडे फिरवलं.

जरा वेळानं क्लिफर्ड म्हणाला, "माझे बूट कुठायत?"

"कपाटात. पण गुरुवार अजून लांब आहे."

"असू दे. घाल."

ती खाली बसली. आधी उजवा घातला. डावा पाय जड होता, टाच काही आत जाईना, दोघांना दम लागला, पण गेली. तिनं दोन्ही नाड्या घट्ट बांधल्या. जेवणाची गाडी घेऊन बाई आली, तेव्हा क्लिफर्ड मॉल्टबी पायजम्यावर बूट चढवून दाराकडे तोंड करून बसला होता.