गळ्यातली फळी

साथीमुळं शाळा बंद झाल्या, आणि मसाका शहराकडच्या त्या गावात सगळ्यात जास्त हाल झाले ते आयांचे. पोरं घरात, नवरे घरात, आणि रेडिओवर सकाळ-संध्याकाळ कुणीतरी गोड आवाजात सांगायचं की आता घर हीच शाळा आणि आईबाप हेच मास्तर. सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातं!

नान्सिकोंबीनं शाळा पाहिली होती ती कुंपणाबाहेरून. धाकट्या भावंडांना पाठीशी बांधून हिंडण्यातच तिचं शिक्षण संपलं. आपल्या पोरांचं तसं होऊ नये, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. म्हणून शाळेच्या मॅडम इमेल्डा अंगणात आल्या तेव्हा तिनं गुडघे टेकून नमस्कार केला आणि घरातली एकुलती खुर्ची फडक्यानं पुसून पुढं ठेवली.

गर्दी जमवायला बंदी होती, म्हणून मॅडम घरोघर फिरून पालकांना शिकवत होत्या की शिकवायचं कसं. सकाळी घंटा वाजवा. पोरांना गणवेश घाला. आणि हे घ्या, म्हणत त्यांनी पिशवीतून दोरी ओवलेली लाकडी फळी काढली. ती पाहताच सहा वर्षांचा डेऊस आईमागं लपला.

"ज्याच्या तोंडून घरची भाषा, लुगांडा, निघेल त्याच्या गळ्यात ही फळी," मॅडम म्हणाल्या. "त्यानं दुसऱ्या कुणाला लुगांडा बोलताना पकडलं की मग त्याच्या गळ्यात. संध्याकाळी ज्याच्याकडे राहील त्याला छडी. शाळेत आहे तेच घरात. नाहीतर शाळा उघडेपर्यंत पोरं इंग्रजी विसरतील, मग माझ्या नावानं बोंबलू नका."

"अगदी बरोबर!" नवरा, लुब्वामा, म्हणाला. तो कॉफीच्या गिरणीत कारकून. "मी ही फळी घालूनच मोठा झालो. म्हणून आज साहेबासमोर तोंड उघडतं."

"आणि माझं काय हो मॅडम?" नान्सिकोंबीनं विचारलं. "मला कुठं येतं इंग्रजी?"

"मग गप्प बसायचं, प्रोस्कोवियाची आई! पोरांची जीभ बिघडते ती तुमच्यासारख्यांमुळंच."

सगळे हसले. लुब्वामा सगळ्यात मोठ्यानं हसला.

पहिल्याच संध्याकाळी फळी कुणाच्या गळ्यात असणार, हे काय सांगायला हवं? "बायकोला छडी मारायला मी काय रानटी आहे?" लुब्वामा म्हणाला. "पण नियम तो नियम. तू आपली चुलीपाशी जेव." तिघं घरात चटईवर बसून जेवले आणि ती बाहेर स्वयंपाकाच्या खोपटात, धुरात, गळ्यात फळी घालून. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

थोरली प्रोस्कोविया अकरा वर्षांची, मोठी वस्ताद. फळी आपल्याकडे आली की बोटाला टोमॅटो चोळून कण्हत यायची. "अगं बाई, काय लागलं?" आई ओरडली की फळी तिच्या गळ्यात! पोरगी हसत सुटायची. विहिरीवरच्या बायका विचारायच्या, "काय गं, आज पण नापास?" नान्सिकोंबी घागर उचलून खालमानेनं चालू लागायची. आपल्याच घरात आपण परकं व्हावं, याचं तिला फार लागलं.

मग ती शहाणी झाली. शहाणी कसली, इतरांसारखी झाली म्हणा. तोंड मिटलं आणि कान उघडे ठेवले.

डेऊस मुलखाचा बडबड्या. एका दुपारी तो आईच्या मांडीला टेकून सांगत होता की कोंबडीनं बाबांच्या बुटात अंडं घातलं आणि बाबांनी तसाच पाय घातला तर काय मजा होईल! सगळं लुगांडात. नान्सिकोंबी पोट धरून हसली, आणि हसता हसताच तिनं गळ्यातली फळी काढून त्याच्या गळ्यात घातली. एका संध्याकाळी चटईवर बसून जेवावं, एवढंच तिला हवं होतं. त्याला वाटलं, आई थट्टा करतेय. फळी मिरवत तो अंगणभर नाचला.

संध्याकाळी बापानं त्याच्या पोटऱ्यांवर छडी ओढली. रडतसुद्धा होता तो लुगांडात, म्हणून आणखी एक मिळाली. नान्सिकोंबी चटईवर जेवली. उकडलेल्या केळ्यांचे मटोके गोड लागले तिला, लपवायचं कशाला?

मग ते सोपंच झालं. पोराला जवळ घ्यायचं, केसांतून हात फिरवायचा, "काय झालं माझ्या राजाला?" म्हणायचं. राजा बोलला की अडकला. पण कितीही लहान असलं तरी पोर शिकतंच. हळूहळू डेऊस आईशी बोलेनासा झाला. बोललाच तर शाळेत पाठ केलेलं इंग्रजी.

त्या सकाळी ती मटोक्याची केळी सोलत बसली होती. हात चिकानं काळे झालेले, गळ्यात फळी. डेऊस आला आणि दाराशीच उभा राहिला.

"मदर, माय हेड इज पेनिंग."

"काय म्हणतोस रे? आपल्या भाषेत सांग ना सोन्या."

"माय हेड," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

नाटकी कुठला, तिला वाटलं. बहिणीच्या वळणावर गेलाय! ती आणखी गोड झाली. "ये, आईच्या कानात सांग. कुणाला कळणार नाही."

डेऊसनं तिच्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. मग ओठ मिटून निघून गेला. थोडक्यात हुकलं, म्हणत तिनं पुढचं केळं घेतलं.

दुपारी प्रोस्कोविया किंचाळत आली. खोपटामागं, कॉफीच्या झाडाखाली डेऊस आडवा पडला होता. अंग चुलीसारखं तापलेलं, हातपाय झटके देत होते, दात घट्ट बसलेले. गाड्या, मोटारसायकली सगळं बंद. नान्सिकोंबीनं त्याला पाठीशी बांधलं आणि ती पळत सुटली, मागून लुब्वामा.

दवाखान्यातल्या नर्सनं सुई टोचली आणि ती खेकसली, "मलेरिया डोक्यात चढलाय. इतका वेळ काय करत होता? सकाळी काही बोलला नाही का पोरगा?"

"बोलला," नान्सिकोंबी म्हणाली. "मला कळलं नाही." खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

थोड्या वेळानं झटके थांबले. डेऊसनं डोळे उघडले.

"त्याला बोलतं ठेवा," नर्स म्हणाली. "झोपू देऊ नका."

"कुठं दुखतंय रे राजा? सांग मला." नान्सिकोंबी वाकली तशी फळी त्याच्या छातीवर लोंबली. घाईत ती काढायची राहूनच गेली होती. पोरानं ओठ आवळले. तिनं हिसका मारून दोरी तोडली आणि फळी भिरकावली. "बघ, नाहीये! आता बोल!"

"बोल रे बाळा," लुब्वामाही रडकुंडीला येऊन म्हणाला, लुगांडात. "कसंही बोल. कुणी मारणार नाही तुला, देवाशपथ!"

डेऊसनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. इतक्या गोड आवाजात बोलायला लागलं की पुढं काय होतं, ते त्याला चांगलं माहीत होतं. त्यानं हात अंगाशी सरळ केले, वर्गात उभं राहिल्यासारखे.

"आय ॲम फाइन," तो म्हणाला. "थँक यू, सर."

"काय म्हणाला?" नान्सिकोंबीनं नवऱ्याचा सदरा धरला. "अहो, काय म्हणाला तो?"

लुब्वामा पोराचे पाय चोळत राहिला.

"अहो, सांगा ना!"

"बरा आहे म्हणाला."

नान्सिकोंबीला हायसं वाटलं. ती पोराकडे वळली तेव्हा नर्स त्याचे उघडे डोळे मिटून त्याचा हात चादरीखाली सरकवत होती.