शेजारच्या खुर्चीतल्या बाई

ज्ञानदाने जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या भिंतीशी एका ओळीत मांडल्या, कडेच्या खुर्चीत किमयाला बसवलं, तिच्या पोटाशी ओढणीची सैलसर गाठ मारली आणि स्वतः मधल्या खुर्चीत बसली.

"हे विमान. आता उठायचं नाही हं."

पुढच्या शुक्रवारी मुंबईहून टोरांटो. साडेबारा हजार किलोमीटर, मधला थांबा धरून बावीस तास, आणि सोबत अडीच वर्षांची पोर. हे आकडे तिने इतक्यांदा शोधले होते की मोबाइल उघडला की आधी तेच पान समोर येई. मुलगी रडली तर, कान दुखले तर, शेजारी कुणी खडूस निघालं तर!

पण या सगळ्यांच्या तळाशी एक काळजी होती, तिचं उत्तर कुठल्याच पानावर नव्हतं. सासूबाईंना, म्हणजे आशालताबाईंना, दोन वर्षं सांगितली होती. नवऱ्याने, शैलेशने, मात्र तिकडे कायमचं राहण्यासाठी अर्ज करून टाकला होता. "तू पोचल्यावर सांगू, आत्ता नको," असं तो फोनवर म्हणाला होता. आणि बार्शीचं घर भाड्याने देऊन आलेल्या आशालताबाई 'दोनच वर्षं तर आहेत' म्हणत मुलाच्या या फ्लॅटमध्ये एकट्या राहायला तयार झाल्या होत्या.

कामवाली गोजराबाई बादली घेऊन दारातच थबकली.

"आँ? ह्ये काय मांडलंय?"

"विमान. सराव करतोय."

"मग फरशी कुटनं पुसू? इमानाखालनं?"

किमया खिदळली. आशालताबाई गवार निवडायची सोडून आल्या आणि रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"शेजारी कुणीतरी असणारच की. कुठे निघालात?"

ज्ञानदाला हसू फुटलं. "टोरांटोला."

"बाई बाई, केवढं लांब! मिस्टर तिकडे असतात?"

"हो, वर्ष झालं."

"आणि इकडे कोण?"

"सासूबाई. घर सांभाळायला राहिल्यात."

"सासूला राखणीला ठिवून चालली व्हय? लई हुशार सून हाय," गोजराबाईने फडकं पिळलं. "पाय वर घ्या."

दोघींनी पाय वर घेतले. खालून पुसून झालं, तशी ती बादली उचलून स्वयंपाकघरात गेली. किमयाची मान आईच्या दंडावर कलंडली होती.

"परत कधी?" आशालताबाईंनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं.

दोन वर्षांनी, असं म्हणायला ज्ञानदाने तोंड उघडलं. पण मग तीही भिंतीकडे बघू लागली.

"घरी दोन वर्षं सांगितलंय. पण राहायला म्हणून आम्ही परत येऊ, असं नाही वाटत." "सासूबाईंना सांगायचा धीर होत नाही."

आशालताबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा पुसला.

"पोराच्या आवाजावरून कळतं हो आयांना," त्या म्हणाल्या. "बार्शीच्या भाडेकरूला तुमच्या सासूबाईंनी केव्हाच सांगितलं असेल, दिवाळीपर्यंत जागा मोकळी कर म्हणून."

ज्ञानदा गर्रकन वळली.

"आई..."

"अहो, मी कुठली तुमची आई!" आशालताबाईंनी हात पुढे केले. "द्या त्या मुलीला इकडे. तुम्हीही पाठ टेका जरा. अजून बरेच तास काढायचेत तुम्हाला."