कॉम्रेडच्या घरातला पलंग

महामंदीचे दिवस. शिकागोच्या त्या रस्त्याची अलीकडची घरं काळ्यांची आणि पलीकडची गोऱ्यांची. भाडं थकलं म्हणून पोलिसांनी अलीकडे राहणाऱ्या वेल्माचं बिऱ्हाड फुटपाथवर आणून टाकलं, तेव्हा तिची म्हातारी आई हेस्टर पलंगासकट बाहेर आली. गुडघ्यांमुळे तिला उठताच येत नव्हतं. आज रात्री आईला झोपवायचं कुठे, एवढंच वेल्माच्या डोक्यात होतं.

पण बेकारांच्या संघटनेचा शिरस्ता ठरलेला. पोलिसांनी सामान खाली आणायचं आणि ह्या मंडळींनी गाणी म्हणत पुन्हा वर न्यायचं! निरोप गेला नि बघता बघता गल्ली भरली. पोलादाच्या कारखान्यातून काढून टाकलेले काळे, गोरे, पोलिश, आयरिश, नुसती जत्रा!

समोरच्या, गोऱ्यांच्या बाजूच्या घरातले संघटनेचे लिथुआनियन पुढारी कॉम्रेड काझीस दार सताड उघडं टाकून धावत आले आणि वेल्माच्याच पिंपावर चढले.

"बंधूंनो! सरकार म्हणजे काय? घरमालकांनी पाळलेलं कुत्रं! मालक-मजूर हे वर्ग संपले की हे सरकारही आपोआप गळून पडेल! आणि काळा-गोरा भेद? ती मालकांनी लावलेली आग आहे. कामगार सगळे एका घरचे!"

"अहो कॉम्रेड, आधी आईला वर न्या, मग सरकार पाडा!" वेल्मा ओरडली. पण टाळ्या अशा पडल्या की कुणाला ऐकूच गेलं नाही.

काझीसनी डोळे मिटून हात उंचावला. "उचला!"

आणि उचललं की हो! नव्याने आलेल्यांना घर कुठलं ते काय ठाऊक? त्यांना उघडं दार दिसलं. शेगडी, खुर्च्या, इस्त्रीचं टेबल, पलंग आणि पलंगावर राणीसारखी हेस्टर, अशी सगळी वरात गात गात रस्ता ओलांडून थेट काझीसच्या बैठकीत!

"अरे, मला नेताय कुठे?" म्हातारी हसून हसून बेजार.

काझीसनी डोळे उघडले तर समोर रस्ता रिकामा. धावत घरात शिरले आणि जागीच थिजले.

"हे... हे इथे कसं? शेजारी काय म्हणतील? म्हणजे... आमचा घरमालक..."

 वेल्माने पलंगाची कड घट्ट धरली. गेल्याच महिन्यात काळ्या बाईशेजारी बसायला नको म्हणणाऱ्या एका सभासदाला ह्याच काझीसनी भर सभेत उभं करून संघटनेतून हाकललं होतं.

त्यांची बायको बिरुते बिटाचं सार ढवळत होती. "काय हो, गळून पडणार होतं ते सरकार ना? मग तुमचं तोंड का पडलं?"

खोलीत हशा उसळला. वेल्माही हसली, पण पलंगाची कड काही तिने सोडली नाही.

तेवढ्यात दारात शिपाई उभा. मागे शेजाऱ्यांची गर्दी.

"सामान कुणाचं हे? त्या बाईचं असेल तर आत्ताच्या आत्ता बाहेर काढतो."

वेल्मा काझीसकडे बघत राहिली. खासगी मालमत्तेला जन्मभर शिव्या घालत आलेला तो माणूस घामाघूम झाला होता. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि धपकन म्हातारीच्या पायथ्याशी बसले.

"माझं आहे!" ते गरजले. "शेगडी माझी, खुर्च्या माझ्या, पलंग माझा! घराचं भाडं भरलंय. माझ्या मालमत्तेला हात तर लावून बघा!"

"आणि ही म्हातारी?"

काझीसनी छाती पुढे काढली.

"सासू आहे माझी."

शिपायाने डोळे फाडून बिरुतेकडे पाहिलं. तिने शांतपणे वाडगा भरला. "आई, सार गरम आहे हं, जपून."

शिपाई डोकं खाजवत दारापुढच्या पायऱ्या उतरला.

"जावईबापू," हेस्टर म्हणाली, "आता माझ्या पायावरून उठा."

तेव्हा कुठे वेल्माने पलंगाची कड सोडली.