मामाची मांडी

"मी काय इख नाय घातलं. चार दिवस गोळी बंद ठेव, एवढंच म्हणलो," टोपलीत झेंडू भरता भरता चिमाजीमामा बोलला.

नाथाला मामाच्या तोंडून हेच पायजे होतं. पण मखमलाबादच्या त्या मळ्यात ते ऐकायला दुसरं कोण होतं?

साई नाथाचा धाकटा भाऊ, अजून शाळेतही न गेलेला. जन्मापासून हृदयात खोट. ऑपरेशननंतर हृदयाला रक्त देणारी नसच आवळली, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी तीत बारीक स्प्रिंग बसवली. वर बजावलं, रक्त पातळ करायची गोळी चुकली तर स्प्रिंगमध्ये रक्त गोठेल. दुखण्यापायी साईचे कान टोचायचे राहून गेलेले. कान टोचायचे मामाच्या मांडीवर, आणि मामाला नवा फेटा मिरवायची घाई. गोळीमुळं रक्त थांबलं नाय तर पाहुण्यांत शोभा होईल, म्हणून त्यानं आईला गोळी बंद करायला लावली. कान टोचले, रक्ताचा थेंब नाय. मामा मिशीत हसला. दुसऱ्या दिवशी साई खेळता खेळता निळा पडला. मुंबईला नेऊन नस पुन्हा उघडली, तेव्हा वाचला.

तिथं सगळ्यांदेखत मामा म्हणाला, आमची साधना पहिल्यापासून विसरभोळी, गोळी द्यायची तीच विसरली. माहेर तुटू नये म्हणून आईनं तोंड उघडलं नाय. आता बाप तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हता.

नाथानं खिशातून मामाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. तसलीच स्प्रिंग मामाच्याही हृदयात होती, आणि स्वतःची गोळी तो कधी चुकवत नसे. सकाळपासून हेच पाकीट शोधत होता.

"आण इकडं." मामा उठला तशी टोपली कलंडली.

"चार दिवस बंद ठेव की. मी काय इख नाय घातलं."

मामाचा हात आपसूक छातीवर गेला. नाथाला लय बरं वाटलं. मामानं आधी शिव्या घातल्या, मग मेडिकलातून दुसरी आणीन म्हणाला. आण, तीपण जाईल, नाथा म्हणाला. मग मामा मऊ झाला. मोटारसायकल फिरवायला देतो म्हणाला.

"गाडी काढच. घरी ये, माझ्या बापासमोर उभा राहा, गोळी कोणी बंद करायला लावली ते सांग. गोळी मी देतो, वर पाणी आई देईल."

मामा खाली बसून सांडलेली फुलं टोपलीत भरू लागला. नाथानं पाकीट परत खिशात घातलं. साईची गोळी आता तोच द्यायचा, दुसऱ्या कोणावर त्याचा भरवसा उरला नव्हता.

"साईच्या गोळीची वेळ झाली. मला आता निघायचंय."